राग, हेवा, हाव मुळापासून उपटायचे कसे, असं विचारलंत म्हणून

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वय ३४, खासगी बँकेत नोकरी. दोन वर्षांपूर्वी दहा दिवसांचं ध्यानशिबिर केलंत आणि तेव्हापासून रोज रात्री वहीत षड्रिपूंचा तक्ता भरता. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर, प्रत्येकाला दहापैकी गुण. बरोबरीच्या सहकाऱ्याला बढती मिळाली, त्याने दिलेला पेढा तुमच्या घशाखाली उतरेना, त्या दिवशी मत्सराला ९. स्वतःचं घर असावं असं वाटतं म्हणून लोभाला रोज ६. मागच्या महिन्यात आईवर ओरडलात, त्या रात्री क्रोधाला १० आणि शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी उपवास. शेवटी विचारलंत, 'हे सगळं मुळापासून उपटायचं कसं? की मी माणूसच वाईट आहे?'

मी २४ वर्षं तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करते. तुम्ही वाईट माणूस नाही, हे आधी सांगून टाकते. आणि उपटायच्या नादाला लागू नका, हेही सांगते. यापुढे जी माणसं येतील ती माझ्याकडे आलेल्यांपैकीच आहेत, पण ओळख पटू नये इतके तपशील मी बदलले आहेत.

शिकत असताना सरकारी रुग्णालयात कुष्ठरुग्णांच्या जखमा धुवायचं काम माझ्याकडे होतं. एका आजोबांच्या तळपायात खिळा घुसलेला होता. किती दिवसांपासून, ते त्यांना सांगता येईना. चप्पल काढली तेव्हा दिसला. कुष्ठरोगाचे जंतू त्वचेतल्या नसा निकामी करतात आणि दुखणंच बंद होतं. लोकांना वाटतं की या रोगात बोटं आपोआप झडतात. खरं तर चटका कळत नाही, ठेच कळत नाही, जखम चिघळते तेही कळत नाही, आणि वर्षानुवर्षं हे होत राहिल्याने हातपाय झिजतात. तमिळनाडूतल्या वेलोरला डॉ. पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकांनी हे दाखवून दिलं. दुखत नाही म्हणजे बरं आहे, हा समज माझ्या डोक्यातून त्या वॉर्डात गेला तो कायमचा. मनाच्या दुखण्याकडेही मी तेव्हापासून तसंच बघते.

भीतीचंच घ्या. अमेरिकेत एक बाई आहेत, शास्त्रीय लेखनात त्यांची ओळख फक्त दोन आद्याक्षरांनी दिली जाते. एका दुर्मिळ आजारात त्यांच्या मेंदूतला अमिग्डाला नावाचा, भीतीची घंटा वाजवणारा बदामाएवढा भाग दोन्ही बाजूंनी नष्ट झाला. संशोधकांनी त्यांना साप दाखवले, भुताटकीच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या इमारतीत फिरवलं, भयपट दाखवले. भीती नाही. एकदा रात्री बागेतून जाताना एका माणसाने त्यांच्या गळ्याला सुरी लावली होती. त्या सुटल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बागेतून गेल्या. निर्भय म्हणून आपण ज्याची आस धरतो ते असं असतं. (२०१३ साली त्याच बाईंना कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा मात्र त्या घाबरून तडफडल्या. गुदमरण्याची भीती शरीराने आणखी कुठेतरी राखून ठेवलेली असते म्हणायची.)

भीती चुकीची घंटा पुष्कळदा वाजवते, हे खरंच आहे. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. पण हिशोब बघा. शंभरदा ताक उगाच फुंकलं तर चार क्षण वाया जातात. एकदा उकळतं दूध गटकन प्यायलं तर महिनाभर जेवता येत नाही. म्हणून आपली जडणघडणच अशी आहे की घंटा थोडी जास्त वाजलेली चालेल, पण वाजायची राहिलेली चालणार नाही. स्पर्धा परीक्षेची मुलं माझ्याकडे येतात आणि 'मॅडम, टेन्शन शून्य करून द्या' म्हणतात. मी त्यांना सांगते की शून्य टेन्शनचा मुलगा अभ्यासाला बसतच नाही. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की अवघड काम शिकताना धाक फार कमी असला तरी शिकणं रखडतं आणि फार वाढला तरी रखडतं. मधला पट्टा शोधायचा असतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस लागतो तो या पट्ट्याच्या पलीकडे, आणि तिथे मी औषधंही देते.

आता रागाकडे येते, कारण तुमच्या तक्त्यात सर्वांत जास्त गुण त्याला आहेत आणि माझ्या खोलीतही तो सर्वांत जास्त वेळा येतो. तो बहुतेकदा वेष पालटून येतो.

एक शिक्षिका यायच्या. डोकेदुखी, मान आखडणं, पित्त. सगळ्या तपासण्या झालेल्या, सगळं नॉर्मल. मी विचारलं, 'राग येतो का?' त्या म्हणाल्या, 'मला रागच येत नाही डॉक्टर, स्वभावच नाही माझा.' हे सांगताना दोन्ही हातांच्या मुठी पर्सवर वळलेल्या होत्या. तिसऱ्या-चौथ्या भेटीत कळलं की १४ वर्षं पगार झाला की एटीएम कार्ड सासऱ्यांकडे जात होतं आणि शाळेत जायला त्यांना रोज रिक्षाचे पैसे मागून घ्यावे लागत होते. मधून मधून त्या वर्गातल्या एखाद्या मुलावर फार तडकायच्या आणि घरी येऊन रडायच्या. वड्याचं तेल वांग्यावर. राग येत नाही असं नव्हतंच. तो आलेला होता, पण ज्याच्या नावाने आला त्याच्या दारात जायची त्याला परवानगी नव्हती. मग तो डोक्यात, मानेत आणि सातवीच्या पोरांवर निघाला.

रागाचा निरोप साधा असतो: कुणीतरी हद्द ओलांडली आहे, माझ्या वाट्याचं काहीतरी जातंय. निरोप खरा की खोटा, हे तपासावं लागतं. कधी कधी तो निव्वळ भूक, अपुरी झोप नाहीतर आपल्याच मोठेपणाला लागलेला धक्का असतो. पण या बाईंच्या बाबतीत तो अक्षरशः खरा होता. त्यांनी ओरडून काही केलं नाही. वेगळं खातं उघडलं, घरखर्चाचा वाटा ठरवून दर महिन्याला तेवढी रक्कम सासऱ्यांच्या हातात दिली. घरात दोन महिने अबोला होता. डोकेदुखी अजूनही अधूनमधून येते, पण वर्गात त्या आता तडकत नाहीत.

आणि रागाची सार्वजनिक कामगिरी आपण विसरूच नये. महाराष्ट्रात गावातली दारू बंद करायची तर महिलांना मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद. त्या आडव्या बाटलीमागे किती रात्रींचा संताप आहे, हे माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या अंगावरचे वळ पाहिलेली मी सांगू शकते. त्यांना कुणी 'क्रोध हा शत्रू आहे, शांत व्हा' म्हणून घरी पाठवलं असतं तर? महाडचं चवदार तळं नगरपालिकेने ठराव करून खुलं केलं होतं, तरी तिथलं पाणी अस्पृश्यांना मिळत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारोंना घेऊन तिथे गेले आणि पाणी प्यायले. परतताना लोकांवर हल्ला झाला, तेव्हा उलट हात उचलू नका असं त्यांनी आपल्या माणसांना सांगितलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने लागला. अपमानाचा राग दहा वर्षं विझू न देता आणि भडकूही न देता सांभाळणं, हे कुठल्याही ध्यानाइतकंच कठीण आहे असं मला मनापासून वाटतं.

इथे एक गैरसमज दूर करते. राग उपयोगी आहे म्हणजे तो आदळआपट करून 'बाहेर काढावा' असं मुळीच नाही. २००२ साली ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मुद्दाम चिडवलं, मग काहींना ज्याचा राग आला त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर गुद्दे मारायला सांगितलं आणि काहींना नुसतं दोन मिनिटं बसवलं. गुद्दे मारणारेच जास्त चिडलेले आणि जास्त आक्रमक राहिले. बायको-मुलांवर हात टाकून 'राग मोकळा केला' म्हणणाऱ्या पुरुषांना मी हे तोंडावर सांगते. निरोप ऐकणं हे तुमचं काम. हात टाकणं हा गुन्हा आहे, आणि रागाच्या उपयोगांत मी तो कधीच मोजणार नाही.

तुमच्या पेढ्याकडे येऊ. मत्सर आणि हेवा हे दोन शब्द मराठीत वेगळे आहेत, आणि तुम्ही सगळं एकाच रकान्यात टाकलंत. 'तिच्या अक्षराचा मला हेवा वाटतो' असं आपण तिच्या तोंडावर सांगू शकतो, तिलाही ते ऐकून बरं वाटतं. 'मला तुझा मत्सर वाटतो' असं कुणी म्हणत नाही. डच भाषेतही असेच दोन शब्द आहेत, आणि तिथल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की त्या खरोखर दोन वेगळ्या भावना आहेत. एकात मन म्हणतं, त्याच्याकडे आहे ते मलाही मिळावं. दुसऱ्यात म्हणतं, त्याच्याकडचं जावं. पहिलं माणसाला कामाला लावतं, दुसरं त्याला दुसऱ्याची शिडी ओढायला लावतं.

सुरुवात मात्र दोघांची सारखीच होते, पोटात दुखून. त्या दुखण्याचा एक मोठा उपयोग मी रोज करून घेते. आपल्याला खरंच काय हवं आहे, हे विचारलं की माणसं छापील उत्तरं देतात: सुख, शांती, मुलांचं भलं. म्हणून मी विचारते, गेल्या वर्षभरात कुणाचं चांगलं झालेलं पाहून आत कळ आली? एका यशस्वी कापड दुकानदाराला मोठमोठ्या शोरूमवाल्यांबद्दल काहीच वाटत नव्हतं. कळ आली होती ती शाळेतल्या एका मित्राला गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवताना पाहून. वयाच्या ५२ व्या वर्षी ते शिकायला लागले. तुम्हाला ज्याचा हेवा वाटला त्याच्याकडचं नेमकं काय हवंय? खुर्ची, पगार, की साहेबांनी सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं ते? या तिघांसाठी करायच्या गोष्टी अगदी वेगळ्या आहेत, आणि '९ गुण' या नोंदीतून त्यातली एकही कळत नाही.

आता इच्छेबद्दल. हा भाग मला सर्वांत जवळचा आहे.

षड्रिपूंच्या यादीत पहिलं नाव काम. आणि चार पुरुषार्थांत, म्हणजे माणसाने मिळवाव्यात अशा गोष्टींत, धर्म आणि अर्थाच्या पाठोपाठ पुन्हा काम. एकाच परंपरेने एकच गोष्ट शत्रूच्या यादीतही ठेवली आणि ध्येयाच्या यादीतही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात काम आणि क्रोध यांना वैरी म्हटलंय, आणि सातव्या अध्यायात तेच कृष्ण म्हणतात की धर्माच्या आड न येणारा काम तो मीच. आपण शिबिरांतून आणि व्याख्यानांतून अर्धीच यादी घरी आणली. नाट्यशास्त्रातही जे आठ स्थायिभाव, म्हणजे मनात कायम वसणारे मूळ भाव, मानले आहेत त्यांत शोक, क्रोध, भय आणि जुगुप्सा असे चार, म्हणजे बरोबर निम्मे, तुमच्यासारखी माणसं 'नकारात्मक' म्हणतील असेच आहेत. ते काढले तर करुण, रौद्र, भयानक आणि बीभत्स हे रसच उरत नाहीत.

इच्छा गेलेली माणसं मी रोज बघते. तीव्र नैराश्यात ती जाते. काही खावंसं वाटत नाही, कुणी यावंसं वाटत नाही, अंघोळ करावीशी वाटत नाही. हाव नाही, मोह नाही, मद तर नाहीच. तुमच्या तक्त्यात त्यांना सगळ्या रकान्यांत शून्य मिळेल, म्हणजे ते आदर्शच ठरतील. एक शेतकरी होते, चांगली द्राक्षबाग असलेले. मुलगा त्यांना हाताला धरून घेऊन आला. 'बागेत काय चाललंय?' विचारलं, तर म्हणाले, 'असेल काहीतरी.' छाटणीच्या दिवसांत द्राक्षवाला असं म्हणतो तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. मनावरचे सगळे ताण सुटलेला तो चेहरा विरक्तीचा नसतो, विझलेल्या चुलीचा असतो. उपचार सुरू झाले. सहाव्या आठवड्यात त्यांची बायको हसत आत आली आणि म्हणाली, 'मॅडम, काल यांनी ठेचा मागितला. आणि भाकरी कडक नाही म्हणून चिडले.' मी त्या दिवशी कागदावर लिहिलं, सुधारणा चांगली. एक इच्छा आणि पाठोपाठ एक राग, दोन्ही एकाच ताटावर परत आले होते.

केंट बेरिज या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन, म्हणजे हवंसं वाटायला लावणारं रसायन, जवळजवळ संपवून टाकलं. उंदीर समोरच्या अन्नाकडे जाईनात, उपाशी मेले असते. पण जिभेवर साखरेचं पाणी टाकलं की आवडल्यासारखे ओठ चाटायचे. म्हणजे आवडणं आणि हवंसं वाटणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इच्छेचा धोकाही यातच आहे. एखादी गोष्ट आवडेनाशी झाली तरी ती हवीशी वाटत राहू शकते. दारूच्या व्यसनातला माणूस सांगतो ना, 'आता चढतही नाही, मजाही येत नाही, पण पाय तिकडेच वळतात.' मोबाइलचंही आपल्यातल्या बऱ्याच जणांचं तसंच झालंय. म्हणून इच्छेला विचारायचा प्रश्न एवढाच: मिळाल्यावर मला ते खरंच आवडतं का? तुम्हाला घर हवंय. वहीत त्याला लोभ म्हटलंत. भाड्याच्या घरातून आजवर चार वेळा बिऱ्हाड हलवलं, असं तुम्हीच पत्रात दुसरीकडे लिहिलंय. ज्याला आईच्या देवघराला एक कायमचा कोपरा द्यायचा आहे तो लोभी कसा?

अपराधीपणाबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो तुमच्याकडे गरजेपेक्षा जास्तच आहे. 'जनाची नाही तर मनाची तरी' असं आपण म्हणतो, त्यात मनाची लाज ही फार मोलाची चीज आहे. ती माणसाला माफी मागायला, नुकसान भरून द्यायला लावते. पण तिचं काम तिथे संपायला हवं. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचारात नेमका हा फरक केला जातो. 'मी वाईट वागलो' यातून पश्चात्ताप येतो आणि माणूस वागणं बदलतो. 'मी वाईट आहे' यातून स्वतःला झोडपणं येतं, आणि ज्याला दुखावलं तो बाजूलाच राहतो. तुमचा उपवास आईला काय देऊन गेला? दुसऱ्या दिवशी तिनेही नीट खाल्लं नसणार, मी खात्रीने सांगते.

'मग मनात येऊच नये म्हणून काय करू?' हे तुम्ही विचाराल. ते जमत नाही. १९८७ साली डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजतच राहिल्या. आणि नंतर विचार करायला मोकळीक दिल्यावर, दाबून ठेवणाऱ्यांना अस्वल इतरांपेक्षा जास्त आठवलं. तुमचा तक्ता रोज रात्री सहा अस्वलांना नावाने बोलावतो.

त्यापेक्षा भावनेला नेमकं नाव द्या. जे वाटतंय त्याला शब्द दिला की अमिग्डालाची धावपळ कमी होते, हे २००७ मध्ये मेंदूच्या चित्रणातून दिसलेलं आहे, आणि माझ्या खोलीत तर मी ते रोज बघते. आपल्या भाषेत या बाबतीत श्रीमंती आहे. 'क्रोध' हा एकच शब्द का वापरता? चिडचिड, वैताग, त्रागा, चरफड, संताप, तळतळाट, रुसवा. रुसव्यात प्रेमाची अपेक्षा असते, चरफडीत हतबलता असते, तळतळाटात झालेला अन्याय असतो. योग्य शब्द सापडला की पुढे काय करायचं ते अर्धं उमगतं.

काही वेळा मात्र हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातलं लक्ष गेलेलं असेल, भीतीने घराबाहेर पडणं थांबलं असेल, रागात कुणाला इजा होत असेल, किंवा जगू नये असं वाटत असेल, तर तो निरोप वाचत बसायचा प्रसंग नाही. सरकारची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं. तुमच्या पत्रावरून तुम्ही त्या टप्प्यावर आहात असं मला वाटत नाही. पण उपवासांची संख्या वाढत असेल तर एकदा समोर बसून बोलू.

वही बंद करू नका, फक्त रकाने बदला. गुण काढून टाका. त्या जागी तीन गोष्टी लिहा: आधी काय घडलं, मला काय हवं होतं, आणि मी त्यासाठी काय केलं. आईवर ओरडलात त्या दिवसाची तारीख तुमच्या पत्रात आहे, गुण आहेत, शिक्षाही आहे. आई त्याआधी काय म्हणाली, ते मात्र पूर्ण पत्रात कुठेही नाही. घराविषयी काही बोलली का? बढतीविषयी? लग्नाविषयी? तिचं ते वाक्य आज रात्री आठवून, जसंच्या तसं लिहून काढा. पण आधी तिच्यासोबत जेवा.